जुळ्यांचा मेंढा आणला, तरी एकेकच कोकरू का?

मेंढीपालनाविषयी येणाऱ्या फोनमध्ये सध्या एक प्रश्न सारखा असतो. शब्द थोडे बदलतात, गाव बदलते, प्रश्न तोच. "साहेब, जुळी देणारा मेंढा म्हणून दुपटीने पैसे मोजून आणला. पन्नास मेंढ्यांत सोडला. सगळ्या गाभण राहिल्या, व्यायल्या, पण एकेकच कोकरू. आम्ही फसलो का?"

उत्तर असे की फसला असाल किंवा नसालही. मात्र या वर्षीच्या वेतावरून ते कळणार नाही. एका वेळी कोकरे किती होणार हे मेंढी किती स्त्रीबीजे सोडते यावर ठरते. मेंढा कितीही चांगला असला तरी तो मेंढीच्या अंडाशयातून एक जादा बीज काढू शकत नाही. त्याचा गुण उतरतो त्याच्या मुलींमध्ये. आज मेंढा आणला, पाच महिन्यांनी मेंढ्या व्यायल्या, त्यातल्या पाटी वाढून माजावर आल्या, गाभण राहिल्या आणि व्यायल्या, की मगच जुळ्यांचा हिशेब लागतो. याला दोन ते अडीच वर्षे जातात. विकणाऱ्याने हे सांगितले नसेल तर त्याला तरी माहीत नव्हते किंवा त्याने मुद्दाम सांगितले नाही.

हा विषय आत्ताच का उसळला, याचे कारण उघड आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात शेळी-मेंढी पैदास प्रकल्पाला भांडवली खर्चाच्या ५० टक्के अनुदान मिळते. १०० माद्या व ५ नर असतील तर १० लाखांपर्यंत, ५०० माद्या व २५ नर असतील तर ५० लाखांपर्यंत. राज्यात २०१७ पासून राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत २० मेंढ्या व १ मेंढा असा गट ७५ टक्के अनुदानावर दिला जातो. त्यामुळे पिढीजात मेंढपाळांबरोबर नोकरी सोडून आलेले, डाळिंब काढून शेड उभारणारे, बँकेचे कर्ज काढणारे नवे लोकही या धंद्यात उतरले. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाला 'एका वेताला दोन कोकरे' हे वाक्य फार गोड लागते. बाजाराने ते ओळखले आणि 'जुळ्यांचा मेंढा' हा माल तयार झाला.

त्यातला काही माल खरा आहे आणि तो आपल्याच राज्यात तयार झाला आहे. तेव्हा विषय हसून सोडण्यासारखा नाही, नीट समजून घेण्यासारखा आहे.

एक जनुक, तीन प्रकार

जनावरांचे बहुतेक गुण, म्हणजे वजन, दूध, लोकर, हे शेकडो जनुकांच्या थोड्या-थोड्या परिणामातून ठरतात. जुळी होण्याचा गुणही एरवी तसाच आहे आणि त्याची आनुवंशिकता फार कमी, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जुळ्यात जन्मलेली पाट निवडून ठेवली, तिच्या पोटची पुन्हा निवडली, तरी पिढ्यान्‌पिढ्या फरक मुंगीच्या पावलाने पडतो. आपल्या दख्खनी मेंढीत जुळी मुळातच क्वचित, त्यामुळे निवडायलाही फारसे काही नसते.

याला एक मोठा अपवाद आहे. त्याचे नाव फेक-बी, म्हणजेच बुरूला जनुक. (हे नाव ऐकून एका मेंढपाळाने मला विचारले होते, "फेक म्हणजे खोटं ना?" नाही. जननक्षमतेसाठी इंग्रजीत असलेल्या शब्दाची ती पहिली अक्षरे आहेत.) या एकट्या जनुकातला एकच बदल स्त्रीबीजांची संख्या वाढवतो. मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावर बीएमपीआर-वन-बी नावाचे जनुक आहे. त्यात एका अक्षराचा बदल झाला आणि त्यामुळे तयार होणाऱ्या प्रथिनात २४९ व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन बसले. तीन वेगवेगळ्या संशोधक गटांनी २००१ मध्ये हे शोधून काढले.

परिणाम असा होतो. स्त्रीबीज अंडाशयातल्या ज्या पाण्याच्या फोडासारख्या पिशवीत वाढते तिला पुटिका म्हणतात. साध्या मेंढीत अनेक पुटिका वाढायला लागतात, पण शेवटी एकच मोठी होते आणि बाकीच्या जिरतात. हा बदल असलेल्या मेंढीत पुटिका लहान आकारातच पक्व होतात, त्यामुळे एका माजात दोन, तीन किंवा त्याहून जास्त बीजे सुटतात.

प्रत्येक जनावराकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. बदललेल्या प्रतीला बी म्हणतात, साध्या प्रतीला प्लस. त्यावरून तीन प्रकार होतात: बीबी, बी-प्लस आणि प्लस-प्लस. एक प्रत असेल तर सुटणारी बीजे साधारण दीडने वाढतात आणि दोन असतील तर साधारण तीनने. जातीप्रमाणे आणि खाण्याप्रमाणे यात कमी-जास्त होते. सगळी बीजे कोकरात उतरत नाहीत, काही फळत नाहीत, काही गर्भ जिरतात. पण बीबी मेंढीला तिळी किंवा चार कोकरे होण्याची शक्यता खरी आहे. आपल्याकडे ती आनंदाची बातमी नाही. का ते पुढे येईलच.

बंगालहून ऑस्ट्रेलिया आणि परत फलटण

बुरूला हे नाव ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समधील एका शेताचे आहे. तिथल्या मेरिनो मेंढ्या जुळी-तिळी देतात हे शेताच्या मालक भावांनी हेरले आणि तशाच मेंढ्या राखत गेले. पुढे तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने त्यांचा अभ्यास केला आणि १९८० च्या सुमारास हे एकाच मोठ्या जनुकाचे काम असावे असा निष्कर्ष निघाला. पण मेरिनोत हे जनुक आले कुठून? जुन्या नोंदींनुसार १७९२ आणि १७९३ मध्ये कलकत्त्याहून जहाजाने बंगाली मेंढ्या सिडनीला नेल्या होत्या. त्या लहानखुऱ्या होत्या आणि एकाहून जास्त कोकरे देणाऱ्या होत्या. बुरूला मेंढ्यांत त्यांचेच रक्त असावे असे अभ्यासक म्हणत आले होते. सुंदरबनातल्या गारोल मेंढीत नेमका तोच बदल आहे हे २००२ मध्ये डीएनए तपासणीतून दिसले, तेव्हा या म्हणण्याला बळ मिळाले.

गारोल ही दलदलीत, बांधांवर, गुडघाभर पाण्यात चरणारी मेंढी. मोठी मेंढी जेमतेम १२ ते १५ किलोची. कोकरे दोन-दोन, कधी तीन. दख्खनी मेंढी याच्या दुप्पट वजनाची, काटक, मैलोन्‌मैल चालणारी, पण कोकरू एक.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, ज्याला सगळे 'नारी' म्हणतात, १९९० च्या दशकात सुंदरबनातून गारोल मेंढ्या आणल्या. डॉ. चंदा निंबकर यांच्या नेतृत्वाखाली त्यांचा दख्खनी आणि बन्नूर मेंढ्यांशी संकर सुरू झाला. पुढे ऑस्ट्रेलियाच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राची मदत मिळाली आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डीएनए तपासणी होऊ लागली. सरळ संकर करून सोडला असता तर जुळी मिळाली असती, पण मेंढी गारोलसारखी लहान झाली असती आणि मटणाच्या बाजारात तिला कोणी विचारले नसते. म्हणून प्रत्येक पिढीत रक्त तपासायचे, बी प्रत असलेली जनावरे ठेवायची आणि त्यांचा पुन्हा मोठ्या जातीशी संकर करायचा, असे चालले. गारोलचे बाकीचे रक्त कमी होत गेले, जनुक मात्र राहिले. पिकांमध्ये आपण रोगप्रतिकारक गुण जुन्या चांगल्या वाणात असाच उतरवतो. माझा मूळ विषय पिके, त्यामुळे मला हे काम चटकन पटले. यातूनच 'नारी सुवर्णा' मेंढी तयार झाली आणि या जनुकाची जनावरे फलटण परिसरातल्या मेंढपाळांच्या कळपांतही पोहोचली. तिथे एक प्रत असलेल्या मेंढ्यांना सरासरी एकाऐवजी दीडच्या आसपास कोकरे झाली. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेनेही गारोल, मालपुरा आणि पाटणवाडी यांपासून 'अविशान' ही मेंढी याच वाटेने तयार केली.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा. २०२५ च्या मे महिन्यात काश्मीरच्या कृषी विद्यापीठाने जनुक-संपादित कोकराची घोषणा केली, तेव्हापासून 'जुळ्यांची मेंढी म्हणजे तीच का' असे लोक विचारतात. नाही. काश्मीरच्या कोकरात स्नायूंची वाढ आवरणाऱ्या मायोस्टॅटिन जनुकात प्रयोगशाळेत बदल केला आहे, तो मांसासाठी. फेक-बी हे शेकडो वर्षे मेंढ्यांत असलेले नैसर्गिक जनुक आहे आणि ते साध्या संकराने एका कळपातून दुसऱ्यात जाते. त्यात कृत्रिम काही नाही.

सरासरी दीड म्हणजे काय

'नारी'चा दीडचा आकडा नीट वाचा. शंभर बी-प्लस मेंढ्यांमागे दीडशे कोकरे, म्हणजे साधारण पन्नास मेंढ्यांना एक आणि पन्नासांना दोन. एक प्रत असलेली मेंढी दर वेताला जुळीच देईल असे नाही. पहिल्या वेताला बऱ्याचदा एकच होते. मेंढी माजावर येते तेव्हा अंगाने भरलेली असेल तर जुळ्यांचे प्रमाण वाढते, रोडावलेली असेल तर घटते. ज्या मेंढीने एकच दिले तिच्यात जनुक नाही असे धरून तिला बाजारात नेणारे लोक मी पाहिले आहेत.

याच्या उलट चूकही होते. 'हा मेंढा स्वतः जुळ्यातला आहे' हे विकणाऱ्याचे आवडते वाक्य. बी-प्लस आईच्या पोटी जन्मलेल्या जुळ्यांपैकी एकाला बी मिळाले आणि दुसऱ्याला नाही, असे अगदी सहज होते. दोघे दिसायला सारखे आणि वजनाला सारखे असले तरी एक मेंढा दुप्पट किमतीचा असतो, दुसरा साधा. डोळ्याने यातले काहीही ओळखता येत नाही. रक्ताच्या थेंबावरून डीएनए तपासणी करणे हा एकच मार्ग आहे. ती आयुष्यात एकदाच करावी लागते, कारण जनुक बदलत नाही.

आता दूध. पिकात लोंबीत दाण्यांची संख्या वाढली आणि खत-पाणी तेवढेच राहिले, तर दाणे पोचट राहतात. मेंढीचेही तसेच आहे. जनुक बीज वाढवते, दूध वाढवत नाही. कोकराचे एक किलो वजन वाढायला साधारण पाच ते सहा लिटर दूध लागते. दोन कोकरे रोज शंभर-शंभर ग्रॅम वाढायची असतील तर मेंढीला रोज लिटरभर तरी दूध हवे. नुसत्या चराईवरची दख्खनी मेंढी एवढे देत नाही. एक कोकरू ती नीट वाढवते, दुसरे ढुशा मारत राहते.

हिशेब

खालचे आकडे मी उदाहरणादाखल धरले आहेत. तुमचा दर आणि तुमची मरतूक घालून हिशेब पुन्हा करा, पण पद्धत हीच ठेवा.

शंभर साध्या मेंढ्या. शंभर कोकरे झाली, दहा मेली, नव्वद विकली. आता शंभर बी-प्लस मेंढ्या घ्या. पन्नासांना एकेक, त्यातली ४५ जगली. पन्नासांना जुळी, म्हणजे १०० कोकरे. कळप फिरता आहे, जादा खुराक नाही, वेगळी देखभाल नाही, म्हणून जुळ्यांतली ४० मेली आणि ६० राहिली. एकूण १०५. साध्या कळपापेक्षा १५ जास्त. कोकराचा दर ५००० धरला तर ७५ हजार जादा. पण ही ६० जुळी दुधावाचून हडकुळी राहिली, दर नगाला १२०० रुपयांनी कमी मिळाला, तर ७२ हजार गेले. हाती राहिले तीन हजार, आणि पन्नास मेंढ्या खंगून गेल्या त्या वेगळ्याच. त्या पुढच्या माजावर उशिरा येणार.

आता खुराक देऊ. जुळी कोणाला होणार हे आधी दिसत नाही, म्हणून गाभणपणाच्या शेवटच्या ४५ दिवसांत शंभरही मेंढ्यांना रोज २०० ग्रॅम भरडा-पेंड: ९०० किलो. व्यायल्यानंतर जुळीवाल्या पन्नासांना ६० दिवस रोज २५० ग्रॅम: ७५० किलो. ३० रुपये किलोने सगळा खर्च ४९,५००. जुळ्यांतली मरतूक १५ वर आली, ८५ जगली. एकेकट्यांची ४५ धरून १३० कोकरे. ४० जास्त, म्हणजे दोन लाख. जुळी थोडी हलकी असतात, नगाला ५०० रुपये कमी धरले तर ४२,५०० वजा. खुराक वजा जाता १ लाख ८ हजार उरतात.

जनुक दोन्हीकडे तेच आहे. एका कळपात तीन हजार, दुसऱ्यात एक लाख आठ हजार. म्हणून 'जुळ्यांचा मेंढा घेऊ का' असे विचारणाऱ्याला मी आधी विचारतो की कार्तिक-मार्गशीर्षात तुमच्या मेंढ्या कुठे असतात? सातारा, सोलापूर, अहिल्यानगरच्या दुष्काळी पट्ट्यातले कळप पावसाळा सरला की कोकणाकडे किंवा उसाच्या भागाकडे निघतात. वाटेत व्यालेल्या मेंढीचे कोकरू घोड्यावर बांधून न्यायचे, संध्याकाळी आईला लावायचे. अशा चालीत एकेका मेंढीची दोन-दोन कोकरे सांभाळणे बायकांच्या अंगावर पडते, कारण वाड्यावर कोकरांचे सगळे त्याच बघतात. फलटणकडच्या एका आजींनी मला ऐकवले होते, "मेंढा आणताना बापय माणसं गेली, रात्री दुसऱ्या कोकराला शेळी लावायला मला उठवतात." जुळ्यांचा निर्णय घरात बायकांना विचारून घ्यावा असे मला तेव्हापासून वाटते.

उलट ज्यांच्याकडे विहिरीचे थोडे पाणी आहे, नेपियर किंवा मेथीघासाची दहा-वीस गुंठे लागवड आहे, बांधाला शेवरी-सुबाभूळ आहे, मेंढ्या दिवसा चरून रात्री गोठ्यात येतात, त्यांच्यासाठी बी-प्लस मेंढी उत्तम. दख्खनी लोकरीला आता भाव नाही. उत्पन्न कोकरांचे आणि शेतात मेंढ्या बसवण्याचे. अशा वेळी दर मेंढीमागे विकलेली कोकरे हाच धंद्याचा खरा आकडा.

बीबी मेंढा, पण बीबी मेंढी नको

यात लोक फार गोंधळतात, म्हणून थोडे सावकाश सांगतो.

तुमचा कळप साधा, म्हणजे प्लस-प्लस असेल तर मेंढा बीबी घ्या. त्याची प्रत्येक मुलगी बी-प्लस होईल, तपासणीची गरज नाही. मेंढा बी-प्लस मिळाला तर निम्म्याच मुलींना जनुक मिळेल आणि कोणत्या निम्म्या हे तपासल्याशिवाय कळणार नाही. म्हणजे स्वस्त मेंढा तपासणीच्या खर्चाने महाग पडतो.

दोन वर्षांनी कळपात बी-प्लस पाटी तयार झाल्या की खरी चूक होते. तोच बीबी मेंढा त्याच्याच मुलींवर राहतो. एक तर सपिंड पैदास होते, आणि दुसरे, पुढच्या पाटींतल्या निम्म्या बीबी निघतात. त्यांना तिळी होतात. दीड-दीड किलोची तीन कोकरे, दोन सड आणि अर्धा लिटर दूध! जनुक जास्त तर नफा जास्त, हे इथे खोटे ठरते. न्यूझीलंडमधल्या इन्व्हर्डेल मेंढ्यांत याहून कडक उदाहरण आहे. तिथले जनुक वेगळे, एक्स गुणसूत्रावरचे. त्याची एक प्रत असेल तर जुळी वाढतात, दोन असतील तर मेंढी वांझ निघते.

म्हणून बी-प्लस पाटी तयार झाल्यावर त्यांच्यावर चांगल्या वजनाचा साधा मेंढा सोडा. दख्खनी चालेल, माडग्याळ चालेल. कोकरे बाजारात जाणार, त्यांच्यात जनुक असले-नसले तरी फरक पडत नाही. कळपात भरती करायच्या पाटींसाठी थोड्या साध्या मेंढ्या वेगळ्या ठेवून त्यांनाच बीबी मेंढा लावा. दोन मेंढ्यांना दोन खुणा आणि दोन वाडे एवढी शिस्त लागते. ती जमत नसेल तर बी-प्लस पाटी विश्वासू ठिकाणाहून विकत घेणे बरे.

मेंढा घेताना तपासणीचा कागद मागा. त्यावरचा क्रमांक आणि मेंढ्याच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक एकच आहे का ते स्वतः पाहा. मी स्वतः एका ठिकाणी कागद खरा आणि जनावर दुसरेच असे पाहिले आहे. कागद नसेल तर साध्या पैदाशीच्या मेंढ्याचा भाव द्या. 'आईला दर वेताला जुळी' ही तोंडी हमी आहे, तिचे पैसे मोजू नका.

योजना काय मोजतात

२०१९ च्या पशुगणनेत देशात ७ कोटी ४२ लाख आणि राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या. नवी गणना २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. गणना डोकी मोजते, ते तिचे कामच आहे. पण अनुदानाची पायरीही माद्या किती आणि नर किती यावरच ठरते, आणि इथे माझी तक्रार आहे. ५०० माद्या आणि २५ नर असलेल्या प्रकल्पात ते २५ नर कोण आहेत हा प्रश्न ५०० माद्यांपेक्षा मोठा आहे, कारण पुढची सगळी पिढी त्या पंचवीसांची. पैदास प्रकल्प म्हणून पैसे द्यायचे तर नरांची वंशावळ आणि जुळ्यांचा दावा असेल तिथे जनुक तपासणी ही अट हवी. पन्नास लाखांच्या प्रकल्पात पंचवीस रक्ततपासण्यांचा खर्च कोणाच्या लक्षातही येणार नाही.

महामेषसारख्या वीस मेंढ्यांच्या गटात मात्र मी जुळ्यांचा आग्रह धरणार नाही. वीस मेंढ्यांवर घर चालवणारा बहुधा फिरता असतो, त्याच्याकडे स्वतःची जमीन थोडी. त्याला चांगल्या वजनाचा दख्खनी किंवा माडग्याळ मेंढा आणि वेळेवर लसी मिळाल्या तर त्याचे जास्त भले होईल. ज्याच्याकडे चारा आहे त्यानेच जुळ्यांच्या मागे जावे.

ज्यांच्या पाटी या हंगामात पहिल्यांदा विणार आहेत त्यांच्यासाठी

व्यायच्या आधी महिना-सव्वा महिना आंत्रविषाराची लस मेंढीला द्या, चिकातून ती कोकरांना पोहोचते. शेवटच्या दीड महिन्यात पोटातल्या कोकरांची बरीचशी वाढ होते, खुराक तेव्हाच हवा, व्यायल्यावर जागे होऊन उपयोग नाही. या काळात एखादी मेंढी कळपापासून बाजूला उभी राहत असेल, खाणे सोडून दात खात असेल, नजर हरवल्यासारखी दिसत असेल, तर ती पोटातल्या जुळ्यांना स्वतःच्या अंगातली चरबी जाळून पुरवते आहे असे समजा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा. दोन दिवस वाट पाहिली तर आई आणि कोकरे तिन्ही जातात.

जुळे झाल्यावर पहिल्या दोन तासांत दोघांच्याही पोटात चीक गेला पाहिजे. किलोमागे ५० मिली हे पहिल्या पाच-सहा तासांचे माप, म्हणजे दोन किलोच्या कोकराला १०० मिली. दणकट कोकरू सड सोडत नाही, म्हणून त्याला धरून ठेवा आणि बारक्याला आधी पाजा. मेंढी आणि तिची जुळी दोन-तीन दिवस बाकी कळपापासून वेगळी ठेवा, नाहीतर ती दुसऱ्याला हुंगून ढकलून देते. दूध कमीच असेल तर कळपातल्या शेळीला लावा. कोकरांच्या कानात बिल्ला त्याच दिवशी घाला आणि वहीत आईचा क्रमांक, तारीख, एक की दोन, दोघांचे वजन लिहा. तिसऱ्या महिन्याला त्याच ओळीत पुढे किती जगली आणि किती वजनाची झाली ते भरा.